शेत, फुलबाग आणि बारा हातांचं घर



गेल्या वर्षी माघात आमच्या घराचं काम काढलं. "दोन महिन्यांत मोकळं करतो काकू," असं गवंडी म्हणाले होते. आषाढातली अष्टाह्निका आली तरी मागच्या दाराला चौकट नव्हती. राहत्या घरात ज्यांनी काम काढलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. पण आज मला लिहायचंय ते घरामागच्या परड्याबद्दल, आणि त्या निमित्ताने वाचायला मिळालेल्या आपल्याच लोकांच्या एका जुन्या दगडाबद्दल.

काम काढण्याचं कारण साधं होतं. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. जुनी न्हाणी दोन पायऱ्या उतरून, संडास परड्याच्या टोकाला. रात्री बॅटरी घेऊन जायचं, पावसाळ्यात घसरायचं. तेव्हा माजघराला लागून खालीच नवी न्हाणी आणि कमोड करायचं ठरलं. त्यासाठी मागची दगड-मातीची भिंत उतरवायची होती. एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं.

मतभेद परड्यावरून झाला. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, काम चालूच आहे तर सगळ्या परड्यात पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ. गाडी आत येईल, चिखल नाही, सापकिरडूचं भय नाही." गवंडीही म्हणाले, "काकू, झाडं काढून द्या. वाळू-खडी टाकायला जागा होईल, माझं काम लवकर होईल." दोघांचंही म्हणणं चुकीचं नव्हतं. मला मात्र पटकन उत्तर सुचेना.

आमचं परडं फार मोठं नाही. सासूबाईंनी लावलेला पारिजात, कढीपत्ता, एक लिंबू, दोन जास्वंदी, कुंपणाला शेवगा, पन्हळीच्या पाण्यावर अळू. मिरच्या आणि दोडका मी दरवर्षी लावते. सासूबाई रात्री पारिजाताखाली धुतलेलं जुनं पातळ अंथरून ठेवायच्या. फुलं जमिनीला लागू नयेत म्हणून. पहाटे चारी टोकं उचलायची, की ओंजळभर फुलं बस्तीत पार्श्वनाथांच्या पूजेला. मीही तेच करत आले. पण "सासूबाई करायच्या" हे मुलाला द्यायचं उत्तर होऊ शकत नाही. मी बी. कॉम. झालेली बाई आहे, खर्चाच्या प्रत्येक बाबीला कारण लागतं हे मला माहीत आहे.

त्याच दिवसांत वाचायला मिळाला बामणीचा शिलालेख.

कागलजवळच्या बामणी गावातल्या जैन मंदिरात सापडलेला हा लेख कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळातला आहे. शके १०७३, म्हणजे इसवी सन ११५०. लिपी जुनी कन्नड, भाषा संस्कृत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे कोरीव लेख एकत्र करून छापले, त्यात तो आहे. राजा विजयादित्य. कामगावुंड नावाच्या एका गृहस्थाने मडलूर गावात पार्श्वनाथांचं मंदिर बांधलं होतं. त्या मंदिरासाठी भाद्रपद पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या दिवशी, राजाने दान दिलं. आज आपलं दशलक्षण पर्व ज्या पौर्णिमेच्या तोंडावर संपतं, तीच ही पौर्णिमा. या कामगावुंडाच्या आईचं आणि बायकोचं नावही दगडावर आहे: चंधव्वा आणि पुन्नकब्बा. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीच्या आपल्या भागातल्या दोन श्राविकांची नावं वाचताना मी जरा थांबलेच.

आता दान काय दिलं ते पाहा. एक शेत, एक फुलबाग आणि बारा हातांचं एक घर. आणि कशासाठी? देवाच्या अष्टविध पूजेसाठी, मंदिराची पडझड होईल तिच्या दुरुस्तीसाठी आणि मुनींच्या आहारदानासाठी.

मी हे दोनदा वाचलं. शेत, फुलबाग, घर आणि डागडुजी, सगळं एकाच दानात. आमच्या घरात दोन महिने ज्या गोष्टींची एकमेकींशी भांडणं लावली होती त्या त्या लोकांनी एका ओळीत बसवल्या होत्या. मंदिर बांधलं म्हणजे ते कधीतरी पडणार, ते दुरुस्त करावं लागणार, हे त्यांनी पहिल्या दिवशीच धरलं होतं. आणि दुरुस्तीच्या खर्चाची सोय करताना फुलबागेची जागा काढून घेतली नव्हती.

हा एकच लेख नाही. याच विजयादित्याचा कोल्हापुरातला शके १०६५ चा, म्हणजे ११४३ चा लेख आहे. माघनंदी सिद्धांतदेवांचा शिष्य वासुदेव याने बांधलेल्या पार्श्वनाथ मंदिराला त्यात शेत आणि बारा हातांचं घर दिलंय, आणि उद्देश तोच. त्याच्याही कितीतरी आधी, पाचव्या शतकातल्या कदंब राजा मृगेशवर्म्याच्या ताम्रपटात जिनमंदिराची झाडलोट, पूजा आणि मोडतोडीची दुरुस्ती यांसाठी जमीन दिलेली आहे. झाडलोट आणि दुरुस्ती! राजाच्या ताम्रपटात आपली रोजची कामं अशी लिहिलेली पाहून बरं वाटलं.

फुलबाग का हवी, हे आपल्याला सांगायला नको. जल, गंध, अक्षत, पुष्प, नैवेद्य, दीप, धूप, फल या आठांत पुष्प चौथं. तेरापंथी मंदिरांत फुलांऐवजी केशरी अक्षता वाहतात, त्यांचीही बाजू अहिंसेचीच आहे. आमच्याकडे दक्षिणेत फुलं वाहण्याची रीत टिकून आहे. एक गंमत मात्र ध्यानात आली. ११५० सालच्या त्या फुलबागेत झेंडू असणं शक्य नव्हतं. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. देवळाच्या आवारात हमखास दिसणारा पांढरा चाफाही अमेरिकेतून आलेला. सदाफुली मादागास्करची, बोगनवेल ब्राझीलची. आणि ज्या मिरचीशिवाय आमचा स्वयंपाक होत नाही ती मिरची, पेरू, पपई आणि सीताफळ हे सगळे पोर्तुगीज आल्यानंतरचे पाहुणे. त्यांच्या आधी इथल्या बागांत असणार जाई-जुई, मोगरा, सोनचाफा, केवडा, आणि पारिजात. आमच्या परड्यातलं सगळ्यांत जुनं घराणं पारिजाताचंच निघालं.

पण मुलाला द्यायचं उत्तर अजून पूर्ण झालं नव्हतं. मंदिराची फुलबाग वेगळी, घराचं परडं वेगळं. आणि खरं सांगायचं तर, बाग राखण्यात तरी हिंसा नाही असं कुठे आहे? आपल्याकडे माती, पाणी, अग्नी, वारा आणि वनस्पती हे सगळे एकेंद्रिय जीव. खुरपं मारलं तरी हिंसा, पाया खणला तरी हिंसा. मग परडं वाचवलं म्हणून पुण्य आणि न्हाणी बांधली म्हणून पाप, असा सोपा हिशेब होत नाही.

आपल्या आचार्यांना हे ठाऊक होतं. गृहस्थाच्या हिंसेचे त्यांनी चार भाग केले: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी. ती श्रावकाने सोडायचीच. स्वयंपाक, झाडलोट, घर बांधणं यांत होते ती आरंभी. ती पूर्ण सुटत नाही, यत्नाने कमी करायची. आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी कल्पवृक्षांचा काळ संपल्यावर लोकांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं शिकवल्याची कथा आहे. त्यात कृषीही आहे आणि शिल्पही आहे. माझी बाग आणि गवंड्यांचं काम एकाच यादीतलं. (वाणिज्यही आहे म्हणून मला थोडा आनंद झाला, हे कबूल करते.)

खरा धागा सापडला तो समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात. स्वाध्यायात आपण अनर्थदंडव्रत अनेकदा वाचलंय. अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यांतला एक प्रमादचर्या. विनाकारण जमीन खणणं, विनाकारण पाणी सांडणं, विनाकारण आग पेटवणं, विनाकारण झाड तोडणं. यातला सगळा जोर "विनाकारण" वर आहे. जमीन खणूच नका असं आचार्य म्हणत नाहीत. प्रयोजन आहे का, एवढं विचारतात. घर बांधताना आपण नेमक्या याच गोष्टी करतो: खणतो, पाणी वापरतो, झाडं काढतो. गवंड्यांच्या कामाची यादीच जणू तिथे लिहून ठेवली आहे.

मग मी वही काढली. एका बाजूला काम, दुसऱ्या बाजूला प्रयोजन.

न्हाणी: ह्यांचे गुडघे. प्रयोजन पक्कं.
मागची भिंत उतरवणं: त्याशिवाय न्हाणी होत नाही. पक्कं.
परड्यातून पक्की वाट: ह्यांना वाळत टाकलेल्या कपड्यांपर्यंत आणि मागच्या दारापर्यंत न घसरता जाता यावं. पक्कं, पण तीन फूट रुंदी पुरते.
सगळ्या परड्यात पेव्हर ब्लॉक: मुलाची गाडी वर्षातून पाच-सहा वेळा येते. ती पुढच्या बोळात उभी राहते.

वहीचा फोटो काढून मुलाला पाठवला. त्याचा थोड्या वेळाने फोन आला. "ठीक आहे आई, पण सापाचं काय?" त्याचा मुद्दा खरा होता. तेव्हा ठरलं ते असं: शहाबादी फरशीची तीन फुटी वाट, भिंतीलगत दोन फूट जागा स्वच्छ आणि मोकळी, अळू भिंतीपासून लांब, आणि मागच्या दाराला रात्रीचा दिवा. लाकडं आणि जुनी कौलं परड्यात साठवून ठेवण्याची माझी सवय मात्र मला सोडावी लागली. सापाला आसरा अळूपेक्षा त्या ढिगाऱ्यात जास्त मिळत होता.

हीच भिंत पूर्वी एकदा दुरुस्त झाली होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग पडली. सासूबाई सांगायच्या, नंतरच्या उन्हाळ्यात मामंजींनी ती भेग बुजवून घेतली. तेव्हा घाणीचा चुना परड्यातल्याच खड्ड्यात मुरवला होता. सासूबाईंनी त्या खड्ड्यावर रोज रात्री फळी टाकायला लावली, किडामुंगी पडू नये म्हणून. काम संपल्यावर चुन्याचा खड्डा उपसून, चार गाड्या शेतातली माती टाकून, दोन पावसाळे तिथे काही लावलं नाही. तिसऱ्या वर्षी तिथे पारिजात लावला. म्हणजे आमचा पारिजात हा घराच्या आधीच्या डागडुजीचा शेवटचा भाग होता! हे त्यांच्या तोंडून मी कितीतरी वेळा ऐकलं होतं, पण बामणीचा लेख वाचेपर्यंत त्याचा अर्थ लागला नव्हता. १९७२ च्या दुष्काळात त्या न्हाणीचं पाणी हंड्यात धरून त्याच्या मुळाशी ओतायच्या. साबण वापरलेलं वेगळं, साधं वेगळं.

आता काय काय करता आलं आणि काय नाही, ते खरं खरं लिहिते. कारण असे लेख वाचून सगळं छान झालं असं वाटतं, तसं झालेलं नाही.

नव्या न्हाणीचा पाइप सरळ काढला तर पारिजाताच्या बुंध्याखालून जाणार होता. वळसा घालून न्यायचा तर एक चेंबर आणि दोन बेंड वाढत होते. साडेचार हजार रुपये जास्त. ते दिले. तरीही खणताना एका बाजूची मुळं तुटलीच. वैशाखात त्या बाजूची मोठी फांदी वाळली.

दुसरी चूक पूर्ण माझी. गिलाव्याचं काम चालू असताना मजूर घमेली आणि थाप्या संध्याकाळी लिंबाच्या आळ्यात धुवायचे. मी पाहत होते, पण पाणी वाया जात नाही, झाडालाच जातंय, असं मला वाटलं. सिमेंटचं पाणी चुन्यासारखंच तिखट असतं, मातीचा कस बिघडवतं. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली, महिन्यात झाड गेलं. सासूबाईंनी चुन्याच्या खड्ड्यावर माती टाकून दोन पावसाळे वाट पाहिली होती, ते मला माहीत असून मी लक्ष दिलं नाही. यालाच प्रमाद म्हणतात.

तिसरी गोष्ट उंबराची. मागच्या भिंतीत दोन ठिकाणी उंबर उगवला होता. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी भिंतीत रुजतं आणि मूळ दगडांच्या सांध्यात शिरतं. उंबर आपल्या पंच उदुंबरांतला. त्याच्या फळात जीव भरलेले असतात म्हणून ते आपल्याला वर्ज्य, आठ मूलगुणांतच ते येतं. फळ वर्ज्य आहे म्हणून झाड कापायला मोकळीक मिळते असं काही जण समजतात. मला ते पटत नाही. ज्या कारणाने फळ सोडायचं त्याच कारणाने झाडही जपायला हवं. एक रोप उतरवायच्या भिंतीतच होतं. गवंड्यांनी दगड सावकाश काढले, मूळ बरंच अख्खं निघालं, ते ओढ्याकाठी लावलं. पावसाळ्यात त्याला नवी पानं आली. दुसरं मात्र राहणाऱ्या भिंतीत होतं. ते ठेवलं असतं तर पाच-दहा वर्षांत भिंत गेली असती. ते कापलं. कापायला मीच सांगितलं. प्रयोजन होतं, पण कापलं ते कापलंच. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात ते बोलले आणि पुढच्या कामाला लागले.

चौथी गोष्ट वेळेची. सगळं खोदकाम चातुर्मासाच्या आत व्हावं अशी माझी अट होती. पावसाळ्यात जमिनीत गांडुळं, गोगलगायी, किडे यांची वस्ती इतकी वाढते की पाऊल टाकायला जागा नसते. आपले मुनी चार महिने एका ठिकाणी थांबतात ते याचसाठी. न्हाणीचं खोदकाम वेळेत झालं, पण वाटेची फरशी राहिली. आषाढ लागल्यावर मी काम थांबवलं. गवंडी नाराज झाले. "काकू, दोन दिवसांचं तर काम आहे." ह्यांनाही तीन-चार महिने त्या ओल्या जागेतून काठी टेकत चालावं लागलं, तेव्हा मलाही आपण बरोबर केलं का असं वाटायचं. शेवटी वाटेवर जाड फळ्या टाकल्या आणि कार्तिकी अष्टाह्निकेनंतर फरशी बसवली.

तुमच्यापैकी कोणी काम काढणार असाल तर अनुभवातून एवढंच सांगेन. स्लॅबला आणि गिलाव्याला मारायच्या पाण्याचं पिंप झाकून ठेवा, त्यात मधमाश्या आणि किडे बुडतात. पाणी पिंपात सोडताना फडक्यातून गाळा. मजूर पहिल्या दिवशी हसतात, तिसऱ्या दिवशी स्वतःच फडकं बांधतात. वाळू-खडीची जागा पहिल्याच दिवशी दोरी बांधून ठरवून द्या. घमेली धुवायला वेगळा खड्डा करा आणि तो झाडांपासून लांब ठेवा. झाडांच्या बुंध्याभोवती जुन्या विटा रचा, म्हणजे खडीची घमेली त्यांच्यावर ओतली जात नाहीत. आणि सगळ्यांत आधी वही काढा. काम एका बाजूला, प्रयोजन दुसऱ्या बाजूला.

कामाचा एकूण हिशेब मी पुरा केला तेव्हा परड्यासाठी जास्तीचा झालेला खर्च अकरा हजार निघाला. पाइपचा वळसा, विटा, फळ्या, एक दिवस वाढलेली मजुरी. त्या अकरा हजारांपुढे मी कारण लिहिलं: फुलबाग. नऊशे वर्षांपूर्वीच्या दगडावर ती खर्चाची बाब म्हणून चालली, तर माझ्या वहीतही चालेल.

लिंबाच्या जागी अजून काही लावलेलं नाही. सासूबाईंसारखीच माती बदलून ठेवली आहे, दोन पावसाळे जाऊ देणार आहे. पारिजाताची वाळलेली फांदी काढली. दुसऱ्या बाजूने तो यंदा भाद्रपदात फुलला, नेहमीपेक्षा कमी. दशलक्षणाच्या पहिल्या दिवशी पातळाची टोकं उचलली तेव्हा ओंजळ भरली नाही, पण पूजेपुरती फुलं निघाली. सून पुण्याहून आली होती. पातळ कुठे ठेवता, असं तिने विचारलं, आणि पुढचे चार दिवस रात्री तिनेच ते अंथरलं.

जाता जाता एक विनंती. आपल्या गावातल्या बस्तीत, दाराशी किंवा कोपऱ्यात, अक्षरं कोरलेला एखादा दगड असेल तर त्यावर रंग किंवा ऑइल पेंट लागू देऊ नका. जीर्णोद्धाराच्या उत्साहात असे दगड भिंतीत चिणले जातात, फरशीखाली जातात. त्यावर काय लिहिलंय हे वाचता येत नसलं तरी तो मोकळा ठेवायला सांगा. कुणास ठाऊक, त्यावर तुमच्या गावच्या एखाद्या चंधव्वेचं नाव असेल.